रिपोर्टांच्या पिशवीत नसलेली दोन मिनिटं

फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या रुग्णाबरोबर एक पिशवी येते. कापडाच्या दुकानातली, जाड नाड्यांची. तिच्यात एमआरआयच्या फिल्म, ईईजीची म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाची फाइल, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. घरचे ती टेबलावर ठेवतात आणि डॉक्टर आता एकेक रिपोर्ट उघडेल म्हणून बघत बसतात. अपस्माराचंच काम करणारा न्यूरॉलॉजिस्ट ती पिशवी बाजूला सरकवतो आणि विचारतो, "फिट आली तेव्हा जवळ कोण होतं?"

जवळ आजी होती. आजी गावी आहे.

निम्मी अपॉइंटमेंट इथेच वाया जाते. मधुमेहात साखर मोजता येते, इथे तसं मोजायला काही नाही. तपासायच्या वेळी रुग्ण ठणठणीत असतो, ईईजीच्या अर्ध्या तासात सहसा फिट येत नाही, आणि ज्याला येते त्याला स्वतःला त्यातलं फारसं आठवत नाही. उरतो तो पाहणारा माणूस. म्हणून पहिल्या भेटीला त्यालाच घेऊन जा. येणं जमणार नसेल तर त्या वेळेला फोनजवळ बसायला सांगा.

"धाडकन पडला, अंग थडथडा उडायला लागलं, तोंडाला फेस आला" एवढं सगळेच सांगतात. पण ते शेवटचं दृश्य आहे. मेंदूतला विजेचा गोंधळ कुठूनही सुरू झालेला असो, सगळीकडे पसरला की दिसतं ते असंच. डॉक्टरला हवी असते त्याआधीची वीस-तीस सेकंदं. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं का? कानशिलामागच्या टेम्पोरल भागातून सुरू होणाऱ्या फिटची ही नेहमीची खूण, आणि कितीतरी जण वर्षानुवर्षं त्यावर ॲसिडिटीच्या गोळ्या खातात. डोळ्यांपुढे रंगीत गोल दिसले तर संशय डोक्याच्या मागच्या भागावर जातो. आधी एकच अंगठा किंवा तोंडाची एकच बाजू फडफडली असेल तर विरुद्ध बाजूच्या मेंदूतल्या हालचालीच्या पट्ट्याकडे बघायचं. एक हात पदराशी किंवा शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता आणि दुसरा वाकडा, ताठ झाला होता, असं कोणी सांगितलं तर तज्ज्ञ खूश होतो. चाळा करणाऱ्या हाताच्याच बाजूच्या टेम्पोरल भागात मूळ असण्याची शक्यता मोठी असते. दोन वाक्यांत बाजू कळली.

अपस्मार या शब्दातच स्मरण जाणं आहे, त्यामुळे शुद्ध हरपली नाही तर ती फिट नव्हे असा समज घट्ट बसलाय. प्रत्यक्षात फिट अशीही येते की माणूस शुद्धीत असतो आणि फक्त हात उडतो, किंवा बोलता बोलता थांबून ओठ चाटतो, मिनिटभर कोऱ्या नजरेनं बघतो आणि पुन्हा कामाला लागतो.

डोळे उघडे होते की मिटलेले, हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण त्यावर बरंच ठरतं. सर्वांगाच्या खऱ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात. डोळे घट्ट मिटलेले, डोकं नाही-नाही म्हटल्यासारखं दोन्ही बाजूंना हलतंय, झटके मध्येच थांबून पुन्हा सुरू होतायत आणि हे दहा-पंधरा मिनिटं चाललंय, असं असेल तर ते मनोशारीरिक झटके असू शकतात. त्याला नाटक म्हणू नये. तो वेगळा आजार आहे, त्याचा उपचार वेगळा आहे आणि फिटच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. औषधांना दाद देत नाही म्हणून मोठ्या केंद्रात पाठवलेल्या रुग्णांत पाचांपैकी एकाला तरी हेच निघतं. तिसरा गोंधळ साध्या चक्करेचा. रांगेत बराच वेळ उभं राहून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा पांढराफटक पडला, पडल्यावर दोन-चार हिसके आले आणि अर्ध्या मिनिटात माणूस "काय झालं?" म्हणत उठला, तर ती बहुतेक फिट नाही. सर्वांगाच्या फिटनंतर माणूस पाच-दहा मिनिटं तरी बावरलेला राहतो, जीभ चावली गेली असेल तर कडेला चावलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखतं.

सगळ्यात मोठा पुरावा मोबाइलमध्ये मिळतो, फक्त तो नीट घ्यायला हवा. रुग्णाला कुशीवर वळवलं, जवळची टोकदार वस्तू हलवली, की दुसऱ्या कोणीतरी फोन आडवा धरून शूटिंग सुरू करावं. आधी पूर्ण अंग, मग चेहरा आणि डोळे, मग दोन्ही हात. अंगावरचं पांघरूण काढावं. दिवा लावावा. नावानं हाक मारावी, "उजवा हात वर कर" म्हणावं, आणि एखादा शब्द सांगावा, समजा "आंबा". शुद्धीवर आल्यावर तो विचारायचा. झटके थांबले की शूटिंग बंद करायची सवय असते, तिथेच चूक होते. पुढची दोन मिनिटंही हवीत. बोलणं लगेच येतं की शब्द अडतात, एक हात लुळा राहतो का, कुठल्या हातानं नाक पुसतो, हे सगळं त्यात मिळतं.

काही फिट कोणी सांगतच नाही, कारण त्यांना कोणी फिट म्हणत नाही. चौदा-पंधरा ते वीस-बावीस वयाच्या मुलामुलींना सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हाताला हिसके बसतात. हातातला ब्रश उडतो, चहा सांडतो, घरचे "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून ओरडतात. मग परीक्षेचं जागरण किंवा गणपतीतल्या आरासेची रात्र होते आणि दुसऱ्या सकाळी सर्वांगाची मोठी फिट येते. चिठ्ठीवर लिहिलं जातं ते फक्त मोठ्या फिटबद्दल. याला जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात, आणि इथली नेहमीची चूक म्हणजे कार्बामाझेपिन सुरू करणं. ते औषध एका जागेवरून सुरू होणाऱ्या फिटला उत्तम, पण या प्रकारात सकाळचे हिसके वाढवतं. मग डोस वाढतो, हिसके आणखी वाढतात, आणि "औषधं लागू पडत नाहीत" असा शिक्का बसतो. सकाळी कप उडतो का, एवढा एक प्रश्न हे सगळं टाळतो.

दुसरी चुकणारी गोष्ट सहा महिन्यांच्या आसपासच्या बाळांची. झोपेतून उठल्यावर बाळ एकदम मान-कंबर वाकवून हात पुढे फेकतं, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा, असं वीस-तीस वेळा. पोटात कळ येते म्हणून घुटी दिली जाते. हे इन्फंटाइल स्पाझम असू शकतं आणि त्यात आठवड्यांचाही उशीर मुलाच्या बुद्धीवर जातो. उपचार स्टिरॉइड, एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं किंवा व्हिगाबॅट्रिनचा असतो. नेहमीची फिटची सिरपं तिथे पुरी पडत नाहीत.

आता यंत्रांकडे. ईईजीसाठी आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवायचे आणि तेल लावायचं नाही. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत आणि सगळा कागद खरखरीनं भरतो. मोजपट्टीनं खुणा करून वीस-एकवीस इलेक्ट्रोड लावतात. रात्री कमी झोपून या असं सांगितलं असेल तर ते पाळा, कारण जागरणानंतरच्या डुलकीत दोष जास्त सापडतो. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. मध्ये तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. लहान मुलाच्या हातात कागदाची फिरकी देऊन फुंकर मारायला सांगितलं की काम होतं. टक लावून बघणाऱ्या मुलांच्या फिटला ही फुंकर बऱ्याचदा तिथल्या तिथे उघडं पाडते: फिरकी थांबते, मूल कोरं होतं आणि पडद्यावर सेकंदाला तीन या तालात टोकदार लाटा उमटतात.

पण रिपोर्टवर "नॉर्मल" लिहिलंय म्हणून अपस्मार नाही, हे चूक. खरोखर फिट येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी स्वच्छ निघतो. उलटी चूक जास्त महागात पडते. डोकेदुखीसाठी ईईजी काढला, झोपेतल्या साध्या लाटा कोणीतरी "ॲबनॉर्मल" वाचल्या आणि कधीही फिट न आलेल्या मुलीला तीन वर्षं गोळ्या चालू राहिल्या. उपचार माणसाचा करायचा असतो, कागदावरच्या रेघांचा नाही.

एमआरआयबाबत एकच आग्रह धरा. मागणीच्या चिठ्ठीवर "एपिलेप्सी प्रोटोकॉल" लिहून घ्या. नेहमीच्या डोक्याच्या एमआरआयचे काप चार-पाच मिलिमीटर जाडीचे असतात. हिप्पोकॅम्पसमधला, म्हणजे टेम्पोरल भागाच्या आतल्या आठवणींच्या तुकड्यातला बारीक डाग किंवा मेंदूच्या सालीतली जन्मजात गडबड त्यांच्या मधून निसटते. एपिलेप्सी प्रोटोकॉलमध्ये एक मिलिमीटरचे सलग काप घेतात आणि हिप्पोकॅम्पसला काटकोनात वेगळे घेतात. जमल्यास तीन टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन. "एमआरआय नॉर्मल आहे" याचा अर्थ कितीदा "शोधलं नाही" एवढाच असतो.

आपल्याकडे एमआरआयवर हमखास सापडणारी एक गोष्ट म्हणजे मेंदूतली पट्टकृमीची गाठ. "पण आम्ही तर शुद्ध शाकाहारी!" ही पहिली प्रतिक्रिया. गोंधळ इथे आहे: गाठी असलेलं डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यानं, आणि ती अंडी येतात कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेल्या हातांनी, सांडपाण्यावर पिकवलेल्या पालेभाजीतून, कच्च्या कोथिंबिरीतून. म्हणजे शाकाहारी घरातही ती आरामात पोचते. एकच गाठ असेल, ती वीस मिलिमीटरपेक्षा लहान असेल, मेंदू एका बाजूला ढकलला गेला नसेल आणि तपासणीत दुसरं काही नसेल, तर बहुधा हीच. मोठी, खडबडीत किंवा जुळलेल्या गाठींची असेल तर टीबीचा विचार करावा लागतो. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे, आणि "बघू या" म्हणून टीबीची औषधं सुरू करणं चुकीचं.

या गाठीला अल्बेंडाझोल देतात, वजनाच्या दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत, जेवणाबरोबर, एक ते दोन आठवडे. जेवणात तूप-तेल असलं की ते नीट शोषलं जातं. त्याआधी स्टिरॉइड सुरू करावं लागतं, कारण कृमी मरताना आजूबाजूला सूज येते आणि फिट वाढू शकतात. त्याच्याही आधी डोळ्यांचा पडदा तपासतात. डोळ्यात गाठ असेल आणि ती आतल्या आत फुगली तर नजर जाते. मेंदूभर गाठी असून मेंदू सुजलेला असेल तर हे औषध द्यायचंच नाही. शेजारच्याला दिलं म्हणून मेडिकलमधून आणून घ्यायची ही गोळी नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. गाठ विरली तर फिटची गोळी लवकर उतरवता येते. खड्यासारखी कॅल्शियमची खूण राहिली तर जास्त काळ चालू ठेवतात.

औषधांचा विषय निघाला की "आयुष्यभर घ्यायच्या का?" हा प्रश्न पहिला येतो. त्याआधी सुरू करायच्या का, हे ठरायला हवं. तापात, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरल्यानं, दारू एकदम सोडल्यानं आलेली फिट म्हणजे अपस्मार नव्हे. विनाकारण दोन फिट, त्याही एकमेकींपासून चोवीस तासांहून जास्त अंतरानं, किंवा एकच फिट पण पुन्हा येण्याचा धोका ईईजी-एमआरआयवरून मोठा दिसतो, तेव्हा अपस्मार म्हणतात.

एका वेळी एकच औषध, कमी डोसपासून, हळूहळू वर. पण प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा. फेनिटॉइन, म्हणजे बऱ्याच घरांत "इप्टॉइन" या नावानं ओळखली जाणारी गोळी, १९३८ पासून वापरात आहे आणि अजून तिचं गणित भल्याभल्यांना फसवतं. एका मर्यादेनंतर यकृताची ते पचवायची ताकद संपते. त्यापुढे डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण उडी मारतं. ३०० मिलिग्रॅमवर फिट येते म्हणून सरळ ४०० केले, तर पंधरा दिवसांत रुग्ण दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, दोन-दोन दिसतं, बुबुळं थरथरतात. घरचे म्हणतात आजार मेंदूत पसरला. पसरलेलं काही नसतं, शंभरऐवजी २५-३० मिलिग्रॅमनं वाढवायला हवं होतं. रक्तातलं प्रमाण मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान हवं, आणि त्यासाठी रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. कुपोषित किंवा आजारी माणसात रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी असतं, तेव्हा हा आकडा फसवा कमी दिसतो. तो बघून डोस वाढवला तर पुन्हा झोकांड्या.

लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाला घाई चालत नाही. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग हळूहळू वर. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचंच औषध चालू असेल तर सुरुवात दिवसाआड २५ नं. घाई केली तर अंगावर पुरळ येतं, आणि क्वचित ते तोंड-डोळ्यांची कातडी सोलणाऱ्या जिवावरच्या दुखण्यावर जातं. गावाला जाताना डबी विसरली आणि पाच-सात दिवस गोळी बंद राहिली तर परत आल्यावर जुन्या डोसवर उडी मारायची नाही. डॉक्टरला फोन करा, बहुतेक वेळा पुन्हा २५ पासूनच चढावं लागतं. कार्बामाझेपिनलाही पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा, सोमवारपर्यंत थांबू नका. लेव्हेटिरासिटॅम सोपं, इतर औषधांशी भांडत नाही, म्हणून हल्ली सगळ्यांना तेच मिळतं. पण त्यानं काही जणांची चिडचिड इतकी वाढते की घरात भांडणं होतात, मुलं वस्तू फेकतात, आणि गोळीचा त्याच्याशी संबंध आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. विचारा.

सावकाश सुटणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे सीआर, एसआर, ईआर अशी अक्षरं असतात, त्या कुटून मधात देऊ नका. बारा तासांत सुटायचा डोस तासाभरात सुटतो. एक डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट घेऊ नका. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासाला गोळी चालते. रोजे असतील तर सहेरी आणि इफ्तारच्या वेळा धरून डोस बसवता येतो, पण ते आधी ठरवावं लागतं.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की फिटची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. ट्रामाडोल हे वेदनाशामक आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक यांनी फिट येऊ शकते. टीबीच्या आयसोनियाझिडनं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण चढतं. आयसीयूत मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावलं की व्हॅल्प्रोएटचं प्रमाण एक-दोन दिवसांत कोसळतं आणि वर्षभर शांत असलेला रुग्ण अचानक फिट देऊ लागतो. आणि हो, कापूर. सर्दी झाली की बाळाच्या गळ्यात पुरचुंडी बांधायची, छातीला कापूर-तेल चोळायचं, वाफाऱ्यात निलगिरीचे थेंब टाकायचे, ही आपल्या घराघरातली रीत. कापूर आणि निलगिरी दोन्ही फिट आणू शकतात, आणि बंगळूरूच्या मेंदूतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंदही केली आहे. फिटच्या रुग्णाच्या घरात कापूर आरतीच्या तबकातच राहू दे, आणि डबी लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. तो खडीसाखरेसारखा दिसतो.

आता आकडा. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी नव्यानं उपचार सुरू केलेल्या ४७० रुग्णांचा हिशोब २००० साली मांडला. पहिल्या औषधावर ४७ टक्के फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, तिसऱ्यावर किंवा जोडीच्या औषधांवर फक्त ४ टक्के. याच धर्तीवर २०१० मध्ये अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं व्याख्या केली: नीट निवडलेली, पुरेशा डोसात घेतलेली, सोसलेली दोन औषधं हरली की तो औषधाला न जुमानणारा अपस्मार. "नीट निवडलेली, पुरेशा डोसात" यावर माझा जोर आहे. पिशवीत आठ औषधांची नावं असतात आणि त्यातलं एकही पूर्ण डोसापर्यंत गेलेलं नसतं. पण दोन औषधं खरोखर हरली असतील तर आठव्या, नवव्या गोळीच्या मागे दहा वर्षं घालवणं हा गुन्हा आहे. त्या टप्प्यावर शस्त्रक्रियेसाठी तपासणी व्हायला हवी. शस्त्रक्रिया करायचीच असं नाही, तपासणी तरी.

शस्त्रक्रिया म्हटलं की लोक हबकतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकारानं १९९५ पासून ही कामं नियमित होतात, दिल्लीच्या एम्समध्येही मोठा कार्यक्रम आहे. एम्सच्याच गटानं औषधांना न जुमानणाऱ्या ११६ मुलांची तुलना २०१७ मध्ये छापली. वर्षभरानं शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के फिटमुक्त होते, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या तिघांमागे एकाला हातापायाच्या अशक्तपणासारखा गंभीर त्रासही झाला, हेही सांगितलं पाहिजे. कुठला भाग काढायचा त्यावर ते अवलंबून असतं. हिप्पोकॅम्पस आकसलेल्या टेम्पोरल फिटमध्ये हिशोब बराच अनुकूल असतो.

तपासणी म्हणजे काय? रुग्णाला काही दिवस व्हिडिओ-ईईजीच्या खोलीत ठेवतात, डोक्याला तारा, समोर कॅमेरा, आणि गोळ्या हळूहळू कमी करतात, कारण इथे फिट यायलाच हवी. नातेवाइकाला बटण देतात. फिट आली की बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. मायेनं कॅमेऱ्यापुढे आडवं झालं, रुग्णाला मिठी मारली, की हवा तो पुरावा पाठीमागे जातो. मग एपिलेप्सी प्रोटोकॉलचा एमआरआय, लागला तर पेट स्कॅन, आणि स्मरणशक्ती-भाषेची दोन-तीन तासांची चाचणी. ही चाचणी रुग्णाच्या भाषेत झाली पाहिजे. मराठी शाळेत सातवी झालेल्या बाईंना इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला दिली तर त्यांची स्मरणशक्ती कमी निघणारच, आणि त्यावरून मेंदूची चुकीची बाजू दोषी ठरेल.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट लग्नाच्या बोलण्याआधी व्हायला हवी. व्हॅल्प्रोएट चालू असताना गर्भ राहिला तर जन्मजात व्यंगाचा धोका साधारण दहा टक्के, एरवी तो दोन-तीन टक्के असतो, आणि तीस-चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचण येते. दिवस गेल्याचं कळतं तोवर मणक्याची नळी बंद व्हायची वेळ गेलेली असते. म्हणून बदल आधीच करायचा, फॉलिक ॲसिड आधीच सुरू करायचं. पण घाबरून गोळ्या एकदम बंद करणं आईसाठी आणि बाळासाठी त्याहून धोक्याचं. केरळमध्ये डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ पासून अशा गरोदरपणांची नोंदवही चालवली, आणि तिथल्याही बहुतेक मातांना निरोगी बाळं झाली. लॅमोट्रिजिनचं प्रमाण गरोदरपणात निम्म्यावर येऊ शकतं, डोस वाढवावा लागतो, आणि बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उतरवावा लागतो. हे दुसरं टोक विसरलं की बाळंतीण चकरा येऊन पडते आणि दोष अशक्तपणाला जातो. अंगावर पाजायला हरकत नसते. पाजताना जमिनीवरच्या गादीवर बसावं, आणि बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायचं काम आजीनं किंवा बाळंतपणाच्या मावशींनी करावं, एकट्या आईनं नाही.

फिट आल्यावर काय करायचं हे बहुतेकांना ठाऊक आहे, तरी चप्पल आणि कांदा अजून निघतात. फिट आपोआप दोन-तीन मिनिटांत थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. दातांत चमचा घालू नका, चमच्यानं दात तुटतो आणि तोच श्वासनळीत जातो. पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली की ती आपोआप थांबण्याची आशा कमी होते. तिथे १०८ ला फोन, आणि घरात मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला फवारा असेल तर तो. डोस दर किलोला ०.२ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असेल तर आठ फवारे, चार एका नाकपुडीत आणि चार दुसऱ्या. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, म्हणून आपल्या बाटलीचा फवाऱ्यांचा आकडा डॉक्टरकडून लिहून घेऊन तिच्यावरच चिकटवा. नवी बाटली आधी हवेत दाबून सुरू करावी लागते, नाहीतर पहिले फवारे रिकामे जातात.

कायद्याचं थोडक्यात. अपस्मार हे हिंदू विवाह आणि विशेष विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणारं कारण होतं, ते १९९९ साली काढलं गेलं. गाडीचं मात्र तसं नाही. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये पहिलाच प्रश्न अपस्माराचा आहे. ब्रिटनमध्ये एक वर्ष फिट नसेल तर कार चालवता येते, आपल्याकडे अशी ठरावीक मुदत नाही, त्यामुळे लोक "नाही" अशी खूण करतात. डॉक्टरशी याबद्दल खोटं बोलू नका, कारण स्कूटर चालवणाऱ्याला तो वेगळा सल्ला देईल.

पुढच्या भेटीला पिशवी न्याच, पण तिच्यात कालनिर्णयची पानंही घाला. फिट आली त्या चौकटीत वेळ, किती मिनिटं आणि आदल्या रात्री किती झोप, एवढंच. गोळी चुकली तर त्या तारखेला फुली. बायकांनी पाळीचे दिवसही. सहा महिन्यांची पानं शेजारी शेजारी ठेवली की डॉक्टरला कधी कधी दोन मिनिटांत दिसतं की फिट पाळीच्या आधी येतात, किंवा फुलीच्या दुसऱ्या दिवशी.

आणि घरी गेल्यावर बाथरूमची आतली कडी काढून टाका. रुग्णानं बसून, तांब्यानं, कोमट पाण्यात अंघोळ करावी. डोक्यावर कढत पाणी ओतल्यानं फिट येणारे रुग्ण दक्षिण कर्नाटकात बरेच आढळतात. दार नवं बसवणार असाल तर बाहेर उघडणारं बसवा. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दारालाच टेकलेला असतो.